मंगोलियातला हिवाळा खोलीत बसून काढू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर आला, डाब-तोरणमाळकडे दवबिंदू गोठले, अशा बातम्या दर हिवाळ्यात छापून येतात. त्याच सुमारास मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला रात्री उणे तीस अंश असतात, जानेवारीत कधी उणे चाळीसही. गोबी वाळवंटातल्या सैनशांड शहराजवळ भारताच्या कर्जसाहाय्यातून तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहतो आहे. त्यामुळे वेल्डर, फिटर, पाइपलाइनवरचे कामगार यांना तिकडची वाट दिसू लागली आहे. जाणाऱ्याला सल्ला मिळतो तो एवढाच : गरम कपडे न्या आणि सुटीच्या दिवशी खोलीतच बसा. पहिला सल्ला अर्धवट आहे, दुसरा चुकीचा.

उलानबातरच्या इमारतींना 15 सप्टेंबर ते 15 मे सरकारी नळातून येणाऱ्या गरम पाण्याची ऊब असते. आत बावीस-पंचवीस अंश, पण हवा इतकी कोरडी की नाकातून रक्त येते. रात्री रेडिएटरवर ओला टॉवेल टाकावा लागतो. बाहेर शहराची हवा त्याहून वाईट. तूल नदीच्या खोऱ्यात थंड हवा तळाशी बसून राहते आणि गेर म्हणजे नमद्याच्या गोल तंबूघरांच्या वस्त्यांमधल्या चुलींचा कोळशाचा धूर वर जातच नाही. 2019 मध्ये कच्च्या कोळशावर बंदी आली, कांडी कोळसा आला, तरी सकाळ-संध्याकाळी एन-95 मास्कशिवाय चालू नये. म्हणून तिथे राहणारे परदेशी लोक सुटीला शहराबाहेर पडतात. ती चैन नाही, छातीची गरज आहे. पूर्वेला चोपन्न किलोमीटरवर त्सोनजिन बोल्दोगचा चाळीस मीटर उंच अश्वारूढ चंगीझ खान आहे. तेरेल्जच्या राष्ट्रीय उद्यानात कासवाच्या आकाराचा प्रचंड खडक, कुत्र्यांच्या घसरगाड्या आणि स्वच्छ ऊन मिळते.

बाहेर पडताना आपल्या माणसाची हमखास चूक म्हणजे सुती बनियन. चालताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवते आणि थांबल्यावर तेच कापड अंग गारठवते. अंगालगत लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर जाड लोकर, सर्वांत वर वारा अडवणारा कोट. घाम येण्याआधीच कोटाची चेन उघडावी, आल्यावर नव्हे. बूट एक माप मोठे घ्यावेत, कारण दोन मोज्यांवर घट्ट बसलेला बूट रक्त अडवतो आणि बोटे आधी जातात. मोबाइल आतल्या खिशात ठेवावा, नाहीतर भरलेली बॅटरीही पाहता पाहता बंद पडते. लोखंडाला उघडा हात लावू नये. कामावर वेल्डरकडून हीच चूक होते.

बोट पांढरे, मेणासारखे आणि बधिर झाले तर ते काखेत धरावे. चोळू नये, बर्फ लावू नये, शेकोटीवर तर मुळीच धरू नये. बधिर कातडीला भाजलेले कळत नाही. आडोशाला पोचल्यावर 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात बुडवावे. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मात्र वाटेत वितळवू नये, दुसऱ्यांदा गोठलेले बोट वाचणे कठीण. दारूने ऊब येते हा भ्रम आहे, तिने अंगातली उष्णता उलट लवकर बाहेर जाते.

गोठलेल्या नदीवर माणसाला चालायला किमान दहा सेंटीमीटर स्वच्छ, काचेसारखा बर्फ लागतो, मोटारीला तीस. पांढरा, फेसाळ बर्फ निम्म्याच ताकदीचा असतो. पुलाच्या खांबांजवळ, झऱ्यापाशी, ओढा मिळतो तिथे जाऊच नये. वर भुसभुशीत हिम साचलेले असेल तर ते पांघरुणासारखे काम करते आणि खालचा थर पातळ राहतो. लांब जायचे तर दोन गाड्यांनी जावे. टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नये. गाडी अडकली तर ती सोडून चालू लागू नये, पण इंजिन सुरू ठेवण्याआधी मागचा धुराडा हिमाने बुजला नाही ना, हे पाहावे.

विषारी वायूचा हाच धोका गेरमध्ये असतो. मध्यभागी चूल, वर धुराडे. रात्री ऊब टिकावी म्हणून हवा कोंडली की कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. डोके दुखले, मळमळले, सोबतच्यालाही तसेच झाले, तर विचार करत न बसता सर्वांनी बाहेर यावे. वायू ओळखणारा लहान अलार्म सोबत असलाच पाहिजे. गेरमध्ये शिरताना उंबऱ्यावर पाय देऊ नये, चुलीकडे पायाचे तळवे करून बसू नये, विस्तवात कचरा टाकू नये. दिलेला खारट दुधाचा चहा उजव्या हाताने घ्यावा आणि निदान ओठाला लावावा.

आपल्या शेतातल्या भरीत पार्टीसारखी तिकडे खोरखोगची बैठक असते. तापवलेले दगड मांस, बटाटे, गाजरांसोबत दुधाच्या कॅनमध्ये बंद करून शिजवतात आणि नंतर ते गरम, तुपकट दगड हातोहात फिरवतात. शाकाहारी माणसाने बिबड्या, शेंगदाणे आणि ठेचा सोबत न्यावा. बाजारातून केळी आणली तर कोटाच्या आत धरून आणावीत. दहा अंशांखाली केळीला चरका बसतो हे जळगावकरांना सांगायला नको, तिथे तर उणे तीस.

नक्षत्रांवर पेरणी मोजणाऱ्या आपल्या लोकांना मंगोलांचा हिशेब लगेच समजेल. 22 डिसेंबरपासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ टप्पे : पहिल्यात दुधाची दारू गोठते, तिसऱ्यात तीन वर्षांच्या बैलाची शिंगे, पाचव्यात शिजवलेला भात गोठायचा थांबतो. नवख्याने पहिली लांब सहल पाचव्या टप्प्यानंतरच काढावी. मार्चच्या सुरुवातीला खोव्स्गोल तलावावर बर्फाचा उत्सव भरतो, दिवस मोठा झालेला असतो आणि बर्फ मीटरभर जाड असतो.

कामगार पाठवणाऱ्या ठेकेदारांनी बूट, थर्मल आणि वायूचा अलार्म निघण्याआधीच हातात द्यावा. आयटीआयमध्ये जाणाऱ्यांसाठी एक दिवसाचा वर्ग ठेवावा. आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

आपले,
काही माहीतगार वाचक, जळगाव