जंतर-मंतरवर मागितलेले खानापूरलाही द्या : पंचायत राज मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास व पंचायत राज मंत्री,
कर्नाटक राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

७ फेब्रुवारी २०२४ रोजी आपले सरकार दिल्लीत जंतर-मंतरवर धरणे धरून बसले. घोषणा होती ‘माझा कर, माझा हक्क’. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले मराठी लोक. कर्नाटक सरकारच्या मागण्यांना आमच्याकडे टाळ्या पडत नाहीत, हे आपण जाणताच. तरी ती मागणी रास्त होती. केंद्रीय करांतला राज्याचा वाटा चौदाव्या वित्त आयोगाने ४.७१३ टक्के ठरवला होता, पंधराव्याने तो ३.६४७ वर आणला. उपकर आणि अधिभाराचा पैसा तर वाटणीतच येत नाही. जीएसटी परिषदेत एक तृतीयांश मते एकट्या केंद्राची, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. सगळी राज्ये एक झाली तरी केंद्राच्या मनाविरुद्ध पान हलत नाही.

पण बेंगळुरूपर्यंत आलेला अधिकार पुढे का सरकत नाही?

२०१६ साली निवडून आलेल्या जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली. मग प्रशासक बसले, ते वर्षानुवर्षे बसलेच. कधी सीमांकन आडवे आले, कधी आरक्षण. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे घटनेचे कलम २४३-ई सांगते. सबबीला तिथे जागा नाही.

हे कर्नाटकात घडावे, याचे जास्त वाईट वाटते. रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री असताना पंचायत राजचे काम अब्दुल नझीर साब पाहत होते. १९८३ चा कायदा त्यांचा, १९८७ च्या निवडणुका त्याच कायद्याखालच्या. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला तेव्हा राज्यमंत्र्याचा दर्जा होता. पंचायतींना घटनेत जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती व्हायची होती, दिल्लीने काही सांगितलेही नव्हते. आता घटनेने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय लिहून ठेवलेत, आणि आमच्या पंचायतीत पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) वरून काय पत्र येते याची वाट पाहतात.

पंचायतींना मिळालेल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचे घ्या. ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात साकव वाहून गेला, तर त्याचा खर्च उरलेल्या ४० टक्क्यांतून भागवायचा. त्यात बसला तर बसला. कोणत्या गावाला नळ आधी हवा आणि कोणाला साकव, हे दिल्लीत बसून कसे ठरणार? (बेंगळुरूत बसूनही नाही.)

आता थोडे कडू बोलतो. राज्यांना जास्त अधिकार म्हटले की सीमाभागातल्या मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने लोकांनी निवडलेली महापालिकाच बरखास्त केली. ठराव पटला नसेल, तर बाजूला ठेवायचा होता. तेव्हापासून आम्हाला सर्वोच्च न्यायालय आणि दिल्ली जवळची वाटते, यात नवल काय? खरे तर दिल्लीही आमची नव्हे. कलम ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा संसद ठरवते, राज्याचे फक्त मत घेते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आमचे गाव कुठे जाणार, हे ग्रामसभेने ठरवले नव्हते. २००४ पासून सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, आमचे पाणी, रस्ते आणि शाळा तोवर थांबू शकत नाहीत.

म्हणून केंद्राविरुद्धच्या आपल्या भांडणात आम्ही सोबत येऊ, पण तीच फूटपट्टी आपल्यालाही लागेल. जिल्हा आणि तालुका पंचायती लोकांनी निवडलेल्याच राहतील, मुदतीनंतर एक दिवसही प्रशासक नको. राज्य वित्त आयोगाचा पैसा अटी न घालता ग्रामपंचायतीच्या खात्यात टाका. जिथे मराठी लोकांची वस्ती दाट आहे, तिथे ग्रामसभेची नोटीस आणि इतिवृत्त कन्नडसोबत मराठीतही द्या. आणि एखाद्या पंचायतीचा ठराव सरकारला झोंबला म्हणून ती बरखास्त करणार नाही, एवढे विधानसभेत बोला. बेळगावच्या अधिवेशनात बोललात तर ऐकायला आम्ही येऊ.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक मतदार