फोन न ठेवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. तसं माझ्या मावसबहिणीनं बजावून सांगितलंय. पण पत्र तुम्हालाच आहे हे कळायला नाव कशाला पाहिजे? मी राळेगाव तालुक्यातला, कापसाच्या काट्यावरचा, 'इनव्हॅलिड कॅर व्हॅल्यू तीन'वाला.

चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो भाऊ, त्यात काय एवढं" म्हणता आणि तुरीच्या पिकाचं विचारायला लागता. इथं तुम्हाला मला मधेच तोडता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांची एक उत्पादक कंपनी आहे, तिच्या कापूस खरेदी केंद्राचा हिशेब मी बघतो. इंजिनियर वगैरे नाही. बी.कॉम. झालो, झेरॉक्सचं अन् सातबाऱ्याचं दुकान टाकलं आणि रात्री व्हिडिओ बघून पीएचपी, म्हणजे वेबपानं बनवायची भाषा, शिकलो. काट्यावर गाडी चढली की भरती वजन, उतरवून आली की रिकामं वजन, वजाबाकी होऊन निव्वळ वजन. संध्याकाळी काट्याचं सॉफ्टवेअर दिवसभराच्या नोंदींची एक एक्सएमएल फाइल, म्हणजे ठरावीक खुणांच्या चौकटीत मांडलेला मजकूर, काढून देतं. ती वाचून मी एक पान बनवलं होतं. शेतकऱ्यानं मोबाइलवर आपला नंबर टाकला की त्याचं वजन, भाव, कपात आणि हातात येणारी रक्कम. दिवाळीपासून बिनबोभाट चाललं होतं. डिसेंबरात, दुसऱ्या वेच्याच्या ऐन गर्दीत, एका मंगळवारी पान पांढरं पडलं. दिवसभरात ६३ गाड्या झाल्या होत्या. ६३ पैकी एकाचाही हिशेब दिसेना.

तुमच्यापर्यंत पोचायला मला शुक्रवार उजाडला. मधल्या तीन दिवसांत जे जाणकार भेटले, त्यांचेही आभार मानतो. त्यांच्यामुळं तुमची किंमत कळली.

पहिले जिल्ह्याच्या ठिकाणचे एक वेबसाइटवाले. चार हजार आगाऊ घेतले, पावती दिली नाही, अर्ध्या तासात "झालं" म्हणाले. झालं म्हणजे काय, तर पांढऱ्या पानाऐवजी सुबक अक्षरांत 'माहिती उपलब्ध नाही' असं यायला लागलं. दुसरे काट्याच्या सॉफ्टवेअरचे मदत केंद्रवाले. "सर, फाइल बनली ना? मग आमच्याकडून ओके आहे." तिसरे, ज्यांच्याकडं मी कधीकाळी क्लास केला ते सर. "एक्सएमएल कोण वापरतं रे आता? जेसन कर." जेसन म्हणजे माहिती मांडायची दुसरी पद्धत. अहो सर, काटा एक्सएमएल देतो, तर मी काय त्याचं बारसं करून नाव बदलू? चौथ्यानं सांगितलं, प्रत्येक वजन सीडाटाच्या, म्हणजे 'आतल्या खुणा साधा मजकूर म्हणून घ्या' असं सांगणाऱ्या, कवचात टाक, सगळं सुरळीत होईल. रात्रभर बसून टाकलं. काही झालं नाही. नंतर तुमच्याकडून कळलं की कोन कंस आणि 'अँड'चं चिन्ह सीडाटात खपतं, पण जे अक्षर एक्सएमएलला मुळातच वर्ज्य आहे ते कवचात घालूनही वर्ज्यच राहतं. चौघांपैकी एकानंही फाइल उघडून बघितली नव्हती. पण बोलण्यात खात्री म्हणाल तर चौघांचीही शंभर टक्के!

आणि इकडे दुकानाच्या पायरीवर माणसं. एक आजोबा रोज यायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "काय बावा, तुया कम्प्युटरले ताप आला का?" मी हसलो. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "नातीच्या कालेजची फी भराची हाय, सोमवार शेवटचा." मी त्यांच्यावर खेकसलो. ते शांतपणे म्हणाले, "मायावर काहून तापतं? म्या का खराब केला तो?" ते वाक्य अजून कानात आहे.

त्याच संध्याकाळी मावसबहिणीनं तुमचा नंबर दिला. आमच्या शेजारी राहतात, परतवाड्याच्या आहेत, नागपुरात हेच काम करतात, म्हणाली. आमच्याकडं रेंज फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीजवळ. लॅपटॉप टाकीवर ठेवून, मफलर गुंडाळून तुम्हाला फोन लावला. मी सुरुवातच माफी मागून केली, की मी शिकलेला नाही, माझंच काहीतरी चुकलं असेल. तुम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि म्हणालात, "फाइल वाचायची ओळ मला वाचून दाखवा. अक्षरन् अक्षर."

मी वाचली. तुम्ही मधेच थांबवलं. "सिंपलएक्सएमएलच्या आधी ते ॲटचं चिन्ह कोणी लावलं?"

सिंपलएक्सएमएल म्हणजे एक्सएमएल फाइल वाचून देणारा पीएचपीतला भाग. त्याच्या आधीचं ॲटचं चिन्ह, @, वेबसाइटवाल्यांनी लावलं होतं. चार हजारांचं काम ते तेवढंच. पीएचपीत कुठल्याही कामाच्या आधी ॲट लावलं की त्याची तक्रार दाबली जाते, ती पडद्यावर येत नाही. "तोंड दाबून ठेवलंय बिचाऱ्याचं. काढा, बोलू द्या त्याला." पुढची ओळही तुम्ही मोडीत काढली. फाइल वाचता आली नाही तर सिंपलएक्सएमएल 'फॉल्स', म्हणजे 'नाही', असं उत्तर देतं, आणि त्या गृहस्थांनी 'फॉल्स आलं तर माहिती उपलब्ध नाही असं छाप' असं लिहिलं होतं. "भाऊ, माहिती आहे. ती वाचता आली नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." मग लिबएक्सएमएलनं, म्हणजे आत बसून फाइल प्रत्यक्ष वाचणाऱ्या भागानं, सांगितलेल्या चुका आतल्या आत गोळा करून ओळ क्रमांकासह छापायच्या चार ओळी तुम्ही फोनवर सांगितल्या, मी टाकीवर बसून टाइप केल्या. वर हेही सांगितलंत, की यादी लांबलचक आली तरी घाबरू नका, पहिलीच चूक धरा, खालच्या पुष्कळदा तिचीच पिल्लं असतात.

यादीत एकच ओळ आली. पीसीडाटा इनव्हॅलिड कॅर व्हॅल्यू ३, ओळ ४१२. म्हणजे त्या ओळीतल्या मजकुरात तीन नंबरचं न चालणारं अक्षर.

मी नोटपॅडात ४१२ वी ओळ उघडली. एका बैलगाडीचं भरती वजन. ९८०० दिसत होतं. कुठंच काही वावगं नाही. मी तसं सांगितलं. आणि आता तो क्षण, ज्याच्यासाठी हे सगळं पत्र लिहितोय.

तुम्ही म्हणालात, "तीन? हे मलाही नाही समजत. थांबा, फोन ठेवू नका, मी बघते."

ताई, तीन दिवसांत 'मला समजत नाही' म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. तुमचा मला किती आधार वाटला ते सांगता येत नाही. मला वाटत होतं की सगळ्या जगाला कळतंय अन् मी एकटाच अडाणी. तुम्ही पंधरा वर्षं हेच काम करता, आणि तुम्हालाही समजलं नाही! मी टाकीवरून उतरून खाली कठड्यावर बसलो. पोटातली ओढ सैल झाली.

मग तुम्ही फोन टेबलावर ठेवलात. कीबोर्डचा आवाज येत होता. मागं कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीला मला वाटलं, आता ताई उठतील. आमच्या घरी तिसरीला आई गॅस बंद करते. चौथी झाली. कीबोर्ड चालूच. पाचवीला कोणीतरी लहान मूल "आई, कुकर" म्हणालं, तुम्ही नुसतं "हं" केलंत. मी नऊ मोजल्या. बोलून टाकावंसं वाटत होतं, ताई गॅस बघा, पण बोललो तर तुमची लिंक तुटेल म्हणून गप्प बसलो. स्वार्थीपणा होता तो. नंतर मोबाइलवर पाहिलं, ११ मिनिटं झाली होती. तेवढ्यात माझी रेंज दोनदा गेल्यासारखी झाली. दोन्ही वेळा पलीकडून तुमचा आवाज आला, "आहे हो मी, आहे."

मग तुम्ही जो प्रश्न विचारलात तो चौघांपैकी कोणीच विचारला नव्हता. "वजन कॉम्प्युटरात येतं कसं? माणूस टाइप करतो का?"

मी म्हटलं, नाही, काट्याचा आकडे दाखवायचा डबा आहे, त्याच्यातून वायर येते.

तुम्ही हसलात. "मग काटाच बोलतोय हो तो! दोन म्हणजे मजकूर सुरू, तीन म्हणजे मजकूर संपला."

ही खूण टेलिप्रिंटरच्या जमान्यातली, १९६० च्या दशकापासूनच्या आस्की, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या, तक्त्यातली. काट्याचे पुष्कळ डबे अजून तसेच बोलतात. प्रत्येक वजनाच्या आधी दोन नंबरचं न दिसणारं अक्षर, नंतर तीन नंबरचं. सॉफ्टवेअरनं ती दोन्ही गाळून मधला आकडा घ्यायचा असतो. त्या मंगळवारी एका गाडीला गाळायचं राहिलं. एक्सएमएलचा नियम १९९८ चा, आणि कडक. ३२ च्या खालच्या अक्षरांपैकी टॅब आणि ओळ बदलायची दोन, म्हणजे ९, १० आणि १३ एवढीच चालतात. बाकी एक जरी सापडलं तरी वाचणाऱ्यानं तिथंच हात वर करायचे. म्हणून एका बैलगाडीपायी ६३ जण अडले. (ती बैलगाडी त्या आजोबांची नव्हती. गोष्टीत असती तर असती.)

मी लगेच म्हटलं, मग ३२ च्या खालचं सगळं काढूनच टाकतो. तुम्ही एकदम आवाज चढवलात. अख्ख्या फोनमध्ये तेवढाच एकदा. "काढू नका! आकडा कुठं तुटलाय ते आधी बघा."

९८० नंतर तीन नंबरचं अक्षर होतं, आणि त्याच्यापुढं एक शून्य, पुढच्या वाचनाचा तुकडा. मधलं अक्षर दिसत नव्हतं म्हणून मला ९८०० दिसत होतं. मी ते काढून टाकलं असतं तर फाइल गुमान वाचली गेली असती, सगळे खूश झाले असते, आणि बैलगाडीचा ट्रक झाला असता. ३५० किलो रिकामी गाडी वजा केली की ६ क्विंटल ३० किलोच्या जागी साडेचौऱ्याण्णव क्विंटल. भाव सात हजार धरला तरी सहा लाखांच्या वर फरक. उलटं होऊन एखाद्याचं वजन घटलं असतं तर? त्याला तर कधी कळलंही नसतं.

"त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा," तुम्ही म्हणालात. "मूळ फाइलला हात लावू नका, वाचताना तेवढं बदला. प्रश्नचिन्ह असलेलं वजन आकडा म्हणून खपवू नका, ते दिसलं की त्या गाडीचा हिशेब थांबवा. बाकीचे ६२ दिसू द्या. त्या एकाची काट्याची पावती बघून तुम्ही हातानं भरा."

शनिवारी सकाळी काटेवाल्याच्या पावतीपुस्तकातली कार्बन प्रत काढली. ९८० च होतं. दुपारपर्यंत ६३ हिशेब लागले, सोमवारी सकाळी पैसे खात्यांवर गेले. आजोबांकडं मी स्वतः गेलो. माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे बावा, ताप उतरला न?" चहा पाजून पाठवलं.

त्यानंतर काट्यानं आणखी तीनदा तीच खोडी केली. तिन्ही वेळा पान पांढरं पडलं नाही. 'हे वजन वाचता आलं नाही, पावती घेऊन केंद्रावर या' असं येतं, मराठीत. मदत केंद्रवाल्यांना पुराव्यासकट मेल पाठवली. त्यांच्याकडून अजून ओकेच आहे. वेबसाइटवाल्यांचा परवा फोन आला होता, पुढच्या हंगामासाठी देखभालीचा करार करता का म्हणून. मी विचारलं, ॲटचं चिन्ह धरून किती? त्यांना कळलं नाही.

हल्ली दुकानात कोणी काही विचारलं अन् मला येत नसलं, तर मी सरळ म्हणतो, "मले नाई समजत, बसा, पाहू." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा जीभ अडखळली होती. समोरचा उठून जाईल असं वाटलं. तो खुर्ची ओढून बसला.

मावसबहीण नंतर म्हणाली, त्या रात्री तुमचं वरण करपलं, कुकर दोन दिवस भिजत घातला होता, अन् तुम्ही सगळ्यांना पोळीबरोबर लोणचं वाढलंत. मला तुम्ही अवाक्षर सांगितलं नाही.

म्हणून यंदाच्या तुरीच्या शेंगा पाठवतोय. आमच्याच वावरातल्या आहेत, आज सकाळी तोडलेल्या. पिशवी मावसबहिणीकडं पोचेल. सोले काढायला वेळ नसेल तर आख्ख्याच मिठाच्या पाण्यात कुकरला लावा. दोन शिट्ट्या पुरे. त्या दिवशी मी फोन करणार नाही.

तुमचा,
काट्यावरचा भाऊ