साचा बाजूला ठेवा, पोरांना मुरुडशेंग करू द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

बेंदूर झाला की गणपतीपर्यंत कोल्हापुरात जिकडंतिकडं मातीच्या कार्यशाळा सुरू होतात, सोसायटीत, तालमीत, मंगल कार्यालयात, चांगलंच आहे, पण मागं अशाच एका कार्यशाळेला गेले तर काय, प्रत्येक पोराच्या हातात रबरी साचा आणि शाडूचा गोळा. दाबायचं, काढायचं, फोटो. अर्ध्या तासात सगळ्यांचा गणपती एकसारखा, सोंडेचं वळणसुद्धा तेच. मी घरीच हौसेनं मातीकाम करते म्हणून हे जरा टोचलं.

साच्याला माझा विरोध नाही. शाहूपुरीतले, गंगावेशीतले, बापट कॅम्पातले कुंभार हजारोंनी मूर्ती काढतात, त्यांना साचा लागणारच, पोटाचा प्रश्न आहे. आणि साचा काय आजचाय व्हय, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती सापडल्यात त्यासुद्धा पुढचा एक मागचा एक अशा दोन साच्यांत काढून जोडलेल्या. पण आठ वर्षाच्या पोराला कुठं ऑर्डर पुरी करायचीय?

त्याच्यापुढं एखादी मुरुडशेंग ठेवून बघा. बाळगुटीत असते तीच, काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळते. नीट बघितलं तर ती एक शेंग नसते, पाच बारीक शेंगा एकमेकींना पिळा घालून बसलेल्या असतात. मातीच्या पाच वळ्या करायच्या, एका टोकाला धरायच्या आणि हलक्या हातानं पीळ द्यायचा. जास्त पिळलं की तुटतं, कमी पिळलं की सैल दिसतं, आणि मग पोरगं परत शेंगेकडं बघतं. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे परत बघणं, साच्यात ते होतच नाही. काटेसावरीचं पाच फाकांत उकललेलं बोंड, ताम्हणाचं वाळून फुटलेलं फळ, गोगलगायीचा शंख, किती म्हणून सांगू, आणि यातलं बरंचसं विद्यापीठाच्या आवारात नाहीतर रंकाळ्याच्या बाजूला फिरताना पायाखाली येतं.

चाक नको, मशीन नको. गोळ्यात अंगठा घालून चिमटीनं दाबत दाबत वाटी वाढवायची, नाहीतर वळ्या एकावर एक चढवायच्या, नाहीतर माती लाटून तिची पाटी कापून जोडायची, हाताच्या कामाच्या मुख्य रीती एवढ्याच. कुंभारीण माशी तरी काय करते, चिखलाच्या बारक्या गोळ्या तोंडानं आणून भिंतीवर एवढंसं मडकं बांधते, गळ्याला बाहेर वळलेली कडसुद्धा काढते, आत अंडं घालते, मग अळ्या भरून तोंड लिंपून टाकते! पोरांना हे घरटं दाखवाच (माशी गेल्यावर).

दोन गोष्टी मात्र शिकवणाऱ्यानं सांगायलाच पाहिजेत. जोड देताना दोन्हीकडं ओरखडे काढून मधे मातीची राबडी लावायची, नुसतं चिकटवलं तर वाळताना सुटतं. आणि जाडी सगळीकडं सारखी ठेवायची, कारण पातळ भाग आधी वाळून आक्रसतो, जाड भाग मागं राहतो आणि मधे तडा जातो. आपल्या पावसाळी हवेत माती सावकाश वाळते, ते तर या कामाला उलट बरंच.

खरी अडचण पुढं येते, भाजायचं कुठं? शाडूचा गणपती पाण्यात विरघळायचा असतो म्हणून तो भाजत नाहीत, पण पोरानं केलेली शेंग तशीच ठेवली तर पाणी लागलं की गेली. मातीचं पक्कं भांडं व्हायला साधारण 900 ते 1000 अंश लागतात, गॅसवर जमणारं काम नाही ते. वस्तू आत ओली असली तर शंभराच्या पुढं पाण्याची वाफ होते आणि भट्टीतच फुटते, आणि शेजारच्याचीही फोडते. त्यामुळं पोरांचं कच्चं काम स्वतःच्या मालाबरोबर भट्टीत घ्यायला कुणी कुंभार का-कू करत असेल तर त्याचं काय चुकलं?

म्हणून म्हणते, महापालिकेनं एखाद्या शाळेच्या आवारात छोटी इलेक्ट्रिक भट्टी बसवावी, कुठल्याही शाळेला ठरल्या दिवशी वापरता येईल अशी, आणि ती लावायला, माती तयार करून द्यायला, शिकवायला आपल्याच कुंभारवाड्यातली माणसं मानधन देऊन बोलवावीत. गणपती गेले की त्यांचं बरंचसं काम थंडावतं, दिवाळीच्या पणत्या सोडल्या तर. तेव्हा पाऊसही ओसरलेला असतो आणि काटेसावरीची बोंडं नसली तरी मुरुडशेंगा दुकानात असतातच. खर्च किती येईल ते इलेक्ट्रिकवाल्यांनी आणि नगरसेवकांनी बसून काढावं, कुंभारांनाही त्या बैठकीला बोलवावं, नाहीतर भट्टी यायची आणि लावणारा कुणी नसायचा.

आपली,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर