नाना, तुमची रबरी नळी अजून खुंटीलाच आहे

नाना, साष्टांग नमस्कार.

तुम्ही कराडला जाऊन आता आठ महिने होतील. निघताना विमानतळावर मी काय बोललो ते मलाच आठवत नाही, बहुतेक "जेवण सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या" असलंच काहीतरी. जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. फोनवर सांगायला गेलो की तुम्ही "बरं बरं, गाडी कशी हाय?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय म्हणजे तुम्हाला मध्ये तोडता येणार नाही. तुमचा नातू वाचून दाखवेल.

वाचणाऱ्यांना आधी गाडीबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील एका गाडीपायी एवढं काय. तर माझ्याकडे लॅम्बोर्गिनी एलएम००२ आहे, १९८८ची. हो, लॅम्बोर्गिनीच, पण ती जमिनीला चिकटलेली बुटकी नाही, ही ट्रकसारखी उभी आहे. मी २००६ साली शारजात एका म्हाताऱ्या अरबाकडून घेतली. त्याच्या पोरांना लँड क्रूझर पाहिजे होत्या आणि ही अंगणात धूळ खात पडली होती. तेव्हा आजच्यासारखे भाव नव्हते, नाहीतर इचलकरंजीहून फॅब्रिकेशनच्या कामाला आलेल्या माणसाच्या नशिबात ही कुठली असायला. तरी जेवढे दिले तेवढ्यात गावाकडे दोन मजली घर झालं असतं, हे बायको आजपर्यंत विसरलेली नाही. मीही नाही.

आता खरं सांगतो, जे तुम्हालाही पूर्ण सांगितलं नव्हतं. तुम्ही भेटलात त्याच्या आदल्या आठवड्यात मी या गाडीचं इंजिन काढून विकायचं ठरवलं होतं. गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं.

त्याचं असं झालं, की दोन वर्षं गाडी नीट चालतच नव्हती. स्लोवर धडधड करायची, रेस दिली की फट् फट् करून कार्बोरेटरमधून (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारं भांडं ते) उलटी ठसकायची, मागून काळा धूर, आणि बोनेट उघडलं की पेट्रोलचा असा भपकारा की जवळ कुणी बिडी पेटवली तर मी, गाडी आणि तो बिडीवाला तिघंही गेलो असतो. एका मोठ्या गॅरेजने (नाव घेत नाही, काचेचं ऑफिस, कॉफीचं मशीन, सगळं होतं) चार महिने गाडी ठेवली, नवीन फ्युएल पंप बसवला, बिल असं लावलं की मी दोनदा वाचलं, आणि गाडी आणखीनच बिघडवून दिली. दुसऱ्या ठिकाणी एक पोरगा स्कॅनर घेऊन आला आणि अर्धा तास डॅशबोर्डखाली सॉकेट शोधत होता. अरे बाबा, स्कॅनर जोडायला गाडीत कॉम्प्युटर लागतो, हिला सॉकेट असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो! तिसऱ्याने सरळ सांगितलं, हे बारा सिलिंडरचं लफडं काढून टाका, शेवरोलेचं व्ही-८ बसवा, वाळूत मस्त पळेल. आणि मी हो म्हणायच्या बेतात होतो. थकलो होतो नाना.

तेवढ्यात आमच्याकडच्या वेल्डरने सांगितलं की इंडस्ट्रियल एरियात एक कराडचे नाना आहेत, ट्रकच्या गॅरेजला हेड मेस्त्री, पूर्वी भायखळ्याला टॅक्सीच्या गॅरेजात होते, कार्बोरेटरवर त्यांचा हात आहे. मी म्हटलं पद्मिनीचा एक कार्बोरेटर कुठे आणि हे कुठे. तरी गाडी टोचन करून आणली.

पहिल्या दिवशी मी केलेली बडबड आठवते का तुम्हाला? तुम्ही हात पुसत उभे आणि मी भाटासारखा सुरू. की कंपनीने आधी १९७७ साली जिनिव्हाच्या शोमध्ये चीता नावाची गाडी दाखवली होती, अमेरिकन लष्कर घेईल या आशेने, तिचं क्रायस्लरचं इंजिन मागे होतं आणि मागच्या वजनाने ती धड वळायचीच नाही. मग १९८१ला दुसरी केली, तिचंही इंजिन मागेच, तीही जमली नाही, मग कुठे अक्कल येऊन इंजिन पुढे आणलं आणि १९८६ला ब्रसेल्सच्या शोमध्ये ही आली. काउंटॅकचं (म्हणजे लॅम्बोर्गिनीच्याच त्या बुटक्या गाडीचं) ५.२ लिटरचं व्ही-१२, ४८ व्हॉल्व्ह, साडेचारशेच्या आसपास हॉर्सपॉवर, पावणेतीन टनाचं धूड आठ सेकंदांच्या आत शंभरला जातं, १९९३ पर्यंत जेमतेम ३००च्या आसपास बनल्या. त्या सद्दामच्या पोराची, उदयची पण एक होती, ती २००४ला अमेरिकन सैनिकांनी स्फोटकं लावून उडवून दिली.

तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालात, "त्ये ऱ्हाऊ द्या. ऑइल कधी बघितलं हुतं?"

मग तुम्ही डिपस्टिक काढली. ती मी पण काढून बघायचो, लेव्हल बघायचो, परत घालायचो. तुम्ही लेव्हल बघितलीच नाही. ऑइलचा एक थेंब अंगठ्यावर घेतला, बोटाने चोळला, नाकाशी नेला, मग माझ्या नाकाशी धरला. पेट्रोल! ऑइल पाण्यासारखं पातळ झालं होतं. तुम्ही म्हणालात, पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतंय, अजून दोन महिने असंच चालवलं असतं तर बेअरिंगं गेली असती, मग विकायला पण इंजिन उरलं नसतं. मी तिथे टायरवर बसलो, ते आठवतंय.

दहा मिनिटांत तुम्ही पंपाच्या लाइनवर गेज लावलं. काटा सात पीएसआयवर (प्रेशर मोजायचं माप ते). वेबरच्या कार्बोरेटरला तीन-साडेतीन पीएसआय प्रेशर बास होतं, त्याच्यावर गेलं की फ्लोट, म्हणजे आतला तरंगता गोळा, बिचारा कितीही वर आला तरी पेट्रोलचं तोंड बंद करणाऱ्या नीडलला ते अडवता येत नाही, ते वरून वाहतच राहतं. म्हणजे त्या काचेच्या ऑफिसवाल्यांनी जो महागडा नवीन पंप घातला होता तोच सगळ्याच्या मुळाशी. तुम्ही त्यांना एक शिवी पण दिली नाही. मी दिल्या, तुमच्या वाटच्या पण.

नंतरचे तीन आठवडे. ड्युटी संपवून रात्री आठला तुम्ही यायचात, रमजानचे दिवस होते म्हणून अख्खा एरिया रात्रीच जागा असायचा, मी कोपऱ्यावरून पराठे आणि सुलेमानी (बिनदुधाचा चहा) घेऊन यायचो. सहा कार्बोरेटर, प्रत्येकाला दोन-दोन नरड्या, म्हणजे बारा. बारा आयडल जेट, बारा मेन जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक), आणि सगळं पितळेचं, नखाएवढं. तुम्ही जुन्या बेडशीटवर सहा चौकोन आखले आणि एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या चौकोनात जाऊ दिला नाही. एका जेटमध्ये बारीक वाळू अडकली होती. मी मोठ्या हुशारीने स्टोव्हच्या पिनेसारखी तार घेऊन पुढे झालो (लहानपणी आईच्या स्टोव्हला पिन मारायचं काम माझंच होतं) आणि तुम्ही माझ्या हातावर फटका मारलात. चाळिशी उलटलेल्या माणसाला फटका! "पितळ हाय लेका त्ये. तार घातली की भोक मोठं हुतंय, मग बस आयुष्यभर मिसिंग शोधत." नुसती हवा मारायची आणि उजेडाकडे धरून बघायचं. त्या भोकातून दिसलेला ट्यूबलाइटचा ठिपका मला अजून दिसतो.

आणि मग ती नळी. मी आपला इंटरनेटवर व्हॅक्यूम गेज, सिंक्रोनायझर, कायकाय बघून ठेवलं होतं. तुम्ही गॅसची जुनी रबरी नळी हातभर कापली, एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. स्स्स्स. दुसऱ्यावर. स्स्स. "ह्यो जास्त खातोय." स्क्रू पाव फेरा. परत. आधी सहाही कार्बोरेटर एकत्र हलवणारे लिंकेजचे दांडे सोडवून एकेकाला स्वतंत्र लावलं आणि मगच जोडलं, कारण दांडा जोडलेला असताना कोण स्वतः चालतंय आणि कोण भावाच्या जिवावर चालतंय ते कळत नाही, हे तुमचंच वाक्य. सहा भावांचं एकत्र कुटुंब आहे म्हणालात, एकाच्या ताटात जास्त पडलं की भांडण सुरू. मी हसलो तर तुम्ही गंभीर. नंतर कळलं की तुम्ही स्वतः सहा भावांतले चौथे.

मला आधी काही ऐकूच यायचं नाही. सगळं एकच स्स्स. तुम्ही रागावला नाहीत, नुसतं "परत ऐका" म्हणायचात. चौथ्या का पाचव्या रात्री एकदम कळलं, की डावीकडच्या रांगेतला शेवटचा बाकीच्यांपेक्षा हलका वाजतोय, म्हणजे श्वास कमी घेतोय. मी सांगितलं. तुम्ही नळी माझ्या हातातून घेतली, ऐकलं, आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. काही बोलला नाहीत. मला बीकॉमचा निकाल लागला तेव्हा पण एवढा आनंद झाला नव्हता, अर्थात तो निकालही तसाच होता.

ज्या रात्री ती पहिल्या सेल्फला सुरू झाली आणि स्लोवर न थरथरता उभी राहिली, तेव्हा तुम्ही एअर फिल्टरच्या डब्यावर पाण्याने भरलेला चहाचा ग्लास ठेवलात आणि पाण्याकडे बघत बसलात. पाणी जेमतेम शहारत होतं. शेजारच्या गॅरेजचे पठाण, मल्याळी, बंगाली सगळे जमले. कुणीतरी रेस दे म्हणालं, मी दिली, आणि त्या पत्र्याच्या शेडमध्ये जो आवाज झाला त्याने समोरच्या लाइनीतली दोन कुत्री पळाली ती त्या रात्री परत आली नाहीत.

मलेहाच्या वाळवंटातली सकाळ तर विचारूच नका. फॉसिल रॉक नावाच्या डोंगराच्या अलीकडे थांबून टायरची हवा काढली. पिरेलीने ते स्कॉर्पियन टायर या गाडीसाठीच बनवले होते, ३४५ मिलिमीटर रुंद, हवा कमी केली की उंटाच्या पावलासारखे पसरतात. तुम्ही पलीकडच्या सीटवर. पलीकडची म्हणजे खरोखर पलीकडची, दोन मीटर रुंद गाडी आणि मध्ये गिअरबॉक्सचा तो एवढा मोठा कट्टा, तुमच्याशी बोलायचं म्हणजे शेजारच्या गावाला हाक मारल्यासारखं. क्लच असा जड की अर्ध्या तासात माझी मांडी भरून आली. पहिल्या टेकाडाला मी घाबरून लवकर ॲक्सिलरेटर सोडला आणि निम्म्यात बसलो, वाळूत पोटापर्यंत. पावणेतीन टन. तुम्ही खाली उतरलात, टोपी सारखी केलीत, टायरची हवा अजून थोडी काढली आणि म्हणालात, "उलटं घ्या सरळ रेषेत, आन् परत येताना मधी पाय उचलू नका. बारा भांडी पेटल्यावर आच कमी करत न्हाईत."

परत आलो. पाय उचलला नाही. चार हजारच्या पुढे ते इंजिन जे काही करतं ते मला लिहिता येत नाही. टेकाडाच्या माथ्यावरून आकाशच दिसलं नुसतं, आणि तुम्ही डाव्या हाताने दांडी धरलेली, उजव्या हाताने टोपी, आणि हसत होतात. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तुमचे दात दिसले.

उतारावर आडवं जाताना मात्र ती मेली होती एकदा. तुम्ही तिथेच समजावलंत की गाडी फार वेळ आडवी कलली की फ्लोटमधलं पेट्रोल एका बाजूला जातं, तिचा दोष नाही, टेकाडाला तोंड करूनच चढायचं आणि तोंड करूनच उतरायचं. ते मी आजही पाळतो. घरी भांडण झालं तरी पाळायचा प्रयत्न करतो, तिथे मात्र अजून आडवाच जातो.

पैशाचं काय झालं ते पण सगळ्यांना कळू दे. मी पाकीट दिलं, तुम्ही त्यातून गॅस्केटचे, नीडलचे आणि पराठ्यांचे (पराठ्यांचे सुद्धा!) हिशेब करून तेवढेच काढले आणि बाकी परत दिले. मी जबरदस्ती केली तर म्हणालात, "तीस वर्सं ट्रकचे लायनर बदलतोय. असलं काम परत कवा मिळतंय?" मला वाटलं होतं मी तुमच्यावर उपकार करतोय, ओव्हरटाइम देतोय. माझीच मला लाज वाटली.

व्ही-८वाला परवा भेटला होता, विचारत होता अजून तेच इंजिन आहे का. म्हटलं तेच आहे. ॲव्हरेज लिटरला अडीच किलोमीटर, २९० लिटरची टाकी, भरताना पंपावरचा पोरगा अजूनही मीटर बिघडलं समजून नळी काढून बघतो. पण इंजिन तेच आहे.

तुमची नळी मी बदललेली नाही, गॅरेजच्या दाराजवळच्या खुंटीला तशीच आहे. पहिल्या थंडीत सगळे परत ऐकून घेतले, स्वतः, एकट्याने. पाच ठीक वाटले. डावीकडचा शेवटचा परत हलका वाजतोय, मी पाव फेरा दिला तर जड झाला, मागे घेतला तर परत हलका. दांड्याची बुशिंग झिजली असेल का? की माझा कानच गेलाय? रविवारी सकाळी तुमचा चहा झाला की व्हिडिओ कॉल लावतो. फोन त्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरीन, तुम्ही नातवाला टीव्ही बंद करायला सांगा आणि ऐका.

तुमचा,
इचलकरंजीकर
(आणि बायकोचाही नमस्कार, तिने लोणच्याची बरणी मिळाली का विचारलंय)