बाल्कनीसमोरची होडी क्रमांक १२

सांगली
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
पुणे कार्यालय

विषय : लॉस एंजेलिस ते सिडनी क्रूझ (२७ सप्टेंबर ते २१ ऑक्टोबर २०२४) – खोलीबाबत दिशाभूल, एका रात्रीची जादा आकारणी आणि बंदर शुल्काचा परतावा न मिळाल्याबाबत.

महोदय,

मी आणि माझी पत्नी आपल्या प्रवासी संस्थेमार्फत वरील प्रवासाला गेलो होतो. परत आल्यावर आपल्या कार्यालयाला तीनदा फोन केला, दोन ई-मेल पाठवले. दिवाळी आहे, माणसं सुट्टीवर असतील, म्हणून थांबलो. दोन्ही मेलना ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढं एकच उत्तर आलं. मी अभिप्राय दिलेला नाही, तक्रार केली आहे. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने.

आधी ज्याबद्दल तक्रार नाही ते सांगून टाकतो, म्हणजे ‘काकांना काहीच आवडलं नाही’ असा शेरा फाइलवर पडायला नको. समुद्राबद्दल तक्रार नाही. जहाजाबद्दल, कप्तानाबद्दल नाही. व्हिसाची कागदपत्रं आपण चोख केलीत. बोराबोरा बेटाच्या खाडीत शिरताना ओटेमानू डोंगराचा तो काळा कडा समोर आला तेव्हा ही जे बोलायची थांबली ती अर्ध्या तासाने बोलली. चाळीस वर्षांच्या संसारात असं फार वेळा झालेलं नाही. पण तो कडा आम्ही पाहिला वरच्या उघड्या डेकवरून, गर्दीत उभं राहून. आमच्या खोलीच्या बाल्कनीतून नव्हे. तक्रार इथून सुरू होते.

बुकिंग करताना मी आपल्या कार्यालयात स्वतः येऊन बसलो होतो. बिनखिडकीची खोली घ्या, स्वस्त पडेल, असं जावयाचं मत होतं. लॉस एंजेलिस ते होनोलुलू मध्ये चार दिवस नुसतं पाणी, होनोलुलू ते ताहितीचं पापीते बंदर आणखी पाच दिवस नुसतं पाणी. पण हिचे गुडघे दुखतात, सारखं वर-खाली करणं जमत नाही, म्हणून बाल्कनीची खोली घ्यायची असं आम्ही ठरवलं. त्यासाठी दोघांचे मिळून १,८५,००० रुपये जास्त भरले. समोर बसलेल्या आपल्या कार्यालयातल्या मुलीने सांगितलेलं वाक्य मला शब्दशः आठवतं : “काका, बाल्कनीत बसलात की समोर समुद्राशिवाय काही दिसणार नाही.”

समोर होडी होती. नारिंगी रंगाची, १५० माणसांची, क्रमांक १२. जहाजावर संकटकाळासाठी ज्या होड्या टांगलेल्या असतात त्यांतली एक, आमच्या कठड्यापासून हातभर अंतरावर. बाल्कनीच्या उजव्या कोपऱ्यात खुर्चीचा पाय भिंतीला टेकवून बसलं, मान वाकडी केली, की होडीचं टोक आणि वरच्या मजल्याचा तळ यांच्यामध्ये चार बोटं समुद्र दिसायचा. प्रशांत महासागर म्हणजे पृथ्वीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. आमच्या वाट्याला तो चार बोटं आला. साधारण १५ हजार किलोमीटरचा प्रवास आम्ही त्या होडीशेजारी केला. तिच्यावरचे सगळे खिळे आणि सूचना मला पाठ आहेत. सम आकड्यांच्या होड्या डाव्या अंगाला आणि विषम उजव्या अंगाला असतात, हेही शिकलो.

पहिल्याच संध्याकाळी चौकशी खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी अतिशय सौजन्याने जहाजाचा नकाशा उलगडला. आमच्या रांगेतल्या खोल्यांचा रंगच वेगळा होता आणि खाली लिहिलं होतं की दृश्याला अडथळा आहे. म्हणजे जहाजाच्या कंपनीने काही लपवलेलं नाही. त्या खोल्या त्या वेगळ्या प्रकारात आणि कमी भावात विकतात. आमच्यापासून दोन दारं सोडून एक ऑस्ट्रेलियन जोडपं होतं. त्यांनी होडी आहे हे माहीत असूनच खोली घेतली होती आणि त्यात माणशी साडेपाचशे डॉलर वाचवले होते. ते रोज संध्याकाळी त्या होडीकडे बघून खुशीत असायचे. आम्हीही राहिलो असतो, पैसे त्यांच्याइतके भरले असते तर!

जहाज पूर्ण भरलेलं होतं, खोली बदलून मिळाली नाही. होनोलुलूहून मी आपल्याला फोन केला. उत्तर मिळालं, “काका, लाइफबोट म्हणजे सेफ्टीच ना!” हे वाक्य विनोद म्हणून म्हटलं असेल तर हरकत नाही. पण कंपनीचं उत्तर म्हणून म्हटलं असेल तर ते लेखी द्यावं.

मुद्दा दुसरा, रात्रींचा. मी ३४ वर्षं सरकारी हिशेब तपासले, त्यामुळे हा लक्षात आला. बाकीच्या प्रवाशांच्या आला असेल असं वाटत नाही. २७ सप्टेंबर ते २१ ऑक्टोबर म्हणजे कॅलेंडरवर २४ रात्री. आपल्या माहितीपत्रकावर ‘२४ रात्री’ असंच छापलंय. पण आम्ही पश्चिमेला चाललो होतो. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते, ती पश्चिमेकडे ओलांडली की एक तारीख गळते. नववीच्या भूगोलात आहे. सोमवारी, १४ ऑक्टोबरला रात्री झोपलो आणि उठलो ते बुधवारी, १६ तारखेला, फिजीत. मंगळवार झालाच नाही. हिचा मंगळवारचा उपवास असतो, तो सोमवारी धरायचा की बुधवारी, यावर आमची न्याहारीच्या टेबलावर बरीच चर्चा झाली. (शेवटी बुधवारी धरला.) मॅगेलनच्या मोहिमेतले लोक १५२२ मध्ये परत येताना केप व्हर्दे बेटांवर पोचले, तर त्यांच्या वहीत बुधवार आणि किनाऱ्यावर गुरुवार. त्यांना वाटलं होतं आपलं लिहिण्यात चुकलं. आपलं मात्र खरंच चुकलंय.

आपल्याकडे पंचांगात तिथीचा क्षय होतो. पण क्षय झालेल्या तिथीचं दूध गवळी बिलात धरत नाही. आपण धरलंत. कर्मचाऱ्यांची बक्षिसी म्हणून आपण आमच्याकडून आधीच माणशी रोज १७ डॉलर घेतलेत : २४ रात्री, दोन माणसं, ८१६ डॉलर. जहाजावरून उतरताना जो हिशेब हातात मिळाला त्यात २३ रात्रींचे ७८२ डॉलर जमा दाखवलेत. जहाजाच्या स्वतःच्या वेळापत्रकातही २३ रात्रीच आहेत. चोविसावी रात्र फक्त आपल्या माहितीपत्रकात आणि आपल्या पावतीत आहे. फरक ३४ डॉलर, आपण लावलेल्या ८५ रुपयांच्या दराने २,८९० रुपये.

फोनवर आपल्या माणसाने सांगितलं की उलट बाजूने, सिडनीहून आला असतात तर एक रात्र जास्त मिळाली असती. बरोबर आहे. तेव्हा ती फुकट दिली असतीत का, ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

रक्कम लहान आहे, मला कळतं. पण ती बक्षिसीची आहे. आमच्या मजल्यावर गोव्याचा, पेडण्याचा एक मुलगा होता. दिवसाचे दहा-अकरा तास राबायचा, आठ महिने घर पाहिलेलं नव्हतं. मंगळवार गेल्यावर मी त्याला गमतीने विचारलं, तुझा एक दिवस बुडाला की वाचला? तो म्हणाला, “काका, आमचो पगार म्हयन्याचो. दीस गेलो काय, उरलो काय.” त्याच्यासारख्यांच्या नावाने घेतलेले ३४ डॉलर पुण्यात कुठल्या खात्यावर पडले आहेत, हे मला जाणून घ्यायचं आहे. ते त्यांच्यापर्यंत पोचवले असतील तर पावती दाखवा, मी हा मुद्दा त्याच दिवशी सोडून देईन.

तिसरा मुद्दा रारोटोंगा बेटाचा. १२ ऑक्टोबर, नेमका दसरा. तिथलं बंदर लहान, मोठं जहाज बाहेरच उभं राहतं आणि माणसं छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. सकाळी एक बोट पाण्यात सोडून पाहिली. ती एका क्षणी आमच्या पायाखाली आणि दुसऱ्या क्षणी डोळ्यांसमोर. कप्तानाने उतरणं रद्द केलं, योग्यच केलं. हिच्या गुडघ्यांनी तर मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या असतील. सीमोल्लंघन राहिलं ते राहिलं. पण त्या रात्री खोलीत चिठ्ठी आली की न वापरलेलं बंदर शुल्क, माणशी ३८ डॉलर, ज्या संस्थेमार्फत बुकिंग केलं तिच्याकडे वळतं केलं जाईल. ती संस्था म्हणजे आपण. महिना होत आला, ७६ डॉलर आमच्याकडे वळलेले नाहीत.

जेवणाबद्दल थोडक्यात : ‘दररोज भारतीय शाकाहारी जेवण’ याचा अर्थ पिवळी डाळ, पनीर आणि पुन्हा पिवळी डाळ. चालवून घेतलं. पापीतेच्या पुढे सूपमध्ये माशाचं पाणी आहे का हे विचारल्यावर वाढपी आत जाऊन यायचा आणि ‘थोडंसंच’ म्हणायचा. याची भरपाई मागत नाही, फक्त माहितीपत्रक दुरुस्त करा.

आता ज्या प्रसंगामुळे माझ्या पत्नीने ‘सोडून द्या हो’ म्हणायचं बंद केलं, तो लिहितो.

१६ ऑक्टोबरला कोजागिरी होती. दिवसभर आम्ही फिजीच्या राजधानीत, सुव्यात फिरलो. टॅक्सीवाला हिंदी बोलत होता, ती फिजीची हिंदी, कानाला भोजपुरीच्या जवळची. त्याचे पणजोबा गिरमिटावर आले होते. १८७९ पासून १९१६ पर्यंत साठेक हजार माणसं अशी कराराने उसाच्या मळ्यांवर नेली. जहाजावर चढवताना सांगितलं एक आणि निघालं भलतंच, असं तो हसत म्हणाला. त्यांच्या हालांपुढे आमची होडी क्रमांक १२ काय? मी गप्प बसलो.

संध्याकाळी जहाज सुटलं. हिने घरून दूध-मसाल्याची पुडी आणि दोन स्टीलचे पेले आणले होते, खास याच रात्रीसाठी. लग्नानंतरच्या पहिल्या कोजागिरीपासून तिचा नेम आहे, दुधात चंद्र पाहिल्याशिवाय पेला तोंडाला लावत नाही. पॅसिफिकवरचा चंद्र, आपली स्वतःची बाल्कनी, दोघंच : बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे भरताना तिच्या डोळ्यांपुढे हीच रात्र होती. पेडण्याच्या मुलाने स्वयंपाकघरातून गरम दूध आणून दिलं. केशर विरघळलं, वास सुटला. चंद्र पूर्वेला, म्हणजे आमच्याच अंगाला थोडा मागे उगवलेला असणार, कारण होडीच्या कडेला चांदीची बारीक रेघ दिसत होती. चंद्र होडीमागे. हिने पेला उजव्या कोपऱ्यात नेला, उंच धरला, कठड्यावर झुकवला. मी म्हटलं, पडशील. पेल्यात दिसत होता तो नारिंगी रंगाचा डाग.

मग आम्ही दूध घेऊन वर जायला निघालो. लिफ्टजवळ एका रखवालदाराने अडवलं, उघडे पेले घेऊन वर जाता येत नाही म्हणाला. त्या मुलानेच त्याला काहीतरी समजावलं, झाकण घातलं, मागच्या जिन्याने नेलं. चार मजले. तिने ते गुडघे घेऊन चढले. वर वारा इतका होता की दुधावर चंद्र ठरेना. दूध निवलं होतं. ती प्यायली आणि म्हणाली, छान झालंय.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. होडी आहे हे आपल्याला माहीत होतं. खोलीचा प्रकार आपल्या संगणकावर लिहिलेला होता. एका वाक्यात सांगितलं असतं तर आम्ही दुसरी खोली घेतली असती, किंवा हीच कमी पैशांत घेऊन कोजागिरीला वर जायची तयारी आधीच केली असती.

तेव्हा माझ्या मागण्या : आमच्या खोलीसाठी जहाज कंपनीने आपल्याला जे बिल दिलं त्याची प्रत दाखवावी आणि ते बिल व आम्ही भरलेली रक्कम यांत खोलीच्या प्रकारामुळे पडलेला फरक परत करावा. बंदर शुल्काचे ७६ डॉलर परत करावेत. बक्षिसीच्या ३४ डॉलरचा हिशेब द्यावा. आणि पत्नीची लेखी माफी मागावी, छापील नमुन्यातली नव्हे. पावती, माहितीपत्रक, जहाजाचा अखेरचा हिशेब, बंदर शुल्काची चिठ्ठी आणि बाल्कनीतून काढलेले सहा फोटो सोबत जोडले आहेत. सहाही फोटोंत होडी आहे.

पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या कारणांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. हा कायदा तक्रारदाराला स्वतःच्या गावी दाद मागू देतो, त्यामुळे तारखांना सांगलीला आपल्याला यावं लागेल. वकील लावणार नाही. कागद मला वाचता येतात आणि वेळही भरपूर आहे.

कळावे,

आपला,
(सही)
सेवानिवृत्त लेखापरीक्षक

ता. क. : त्या रात्रीच्या दोन पेल्यांपैकी एक जहाजाच्या भांड्यांबरोबर धुवायला गेला तो परत आला नाही. उतरताना गडबडीत राहिला. आपला जहाज कंपनीशी पत्रव्यवहार होत असेल तर विचारून पाहावं, असं पत्नीचं म्हणणं आहे. ओळखायला अवघड नाही. बुडाशी तिच्या आईचं नाव आणि ‘सांगली’ असं कोरलेलं आहे.