आधी बफर पाहा, नाव नंतर

महोदय,

घरगुती स्टुडिओवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. माइकवर आणि भिंतींच्या फोमवर भरभरून लिहिले आहे. मल्टिट्रॅक सॉफ्टवेअरची मात्र 'मोठ्या स्टुडिओत असते तेच घ्या' म्हणून एका वाक्यात बोळवण! मी घरी गिटार आणि गळा वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करते. मला हे पटले नाही.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा आला की गाणे लयीतून सुटते. संगणक आवाजाचे नमुने (सॅम्पल) ज्या छोट्या साठ्यात जमवून मग पुढे पाठवतो तो बफर, आणि तो जितका मोठा तितका हा उशीर जास्त. ४८ किलोहर्ट्‌झला (सेकंदाला ४८,००० नमुने) २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूने सुमारे ५.३ मिलिसेकंद, आवाज आत जाऊन बाहेर येईपर्यंत त्याच्या दुप्पट, आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे परत आवाजात रूपांतर करणाऱ्या कन्व्हर्टरचा वेळ वेगळाच. १०२४ केला तर एकाच बाजूला २१ मिलिसेकंद. म्हणून गाताना बफर कमी, मिक्सिंगला जास्त. पण कमी बफरवर आवाज तडतडतो की नाही, हे सॉफ्टवेअरच्या नावापेक्षा इंटरफेस (माइक-गिटार संगणकाला जोडणारे यंत्र) चालवणाऱ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरवर आणि संगणकाच्या ताकदीवर ठरते.

रीपर हे मल्टिट्रॅक सॉफ्टवेअर ६० दिवस सर्व सुविधांसह वापरून पाहता येते. मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे. ऑडॅसिटी कापाकापीला झकास, पण मिडी कीबोर्ड (आवाजाऐवजी कोणती पट्टी दाबली ते संगणकाला कळवणारा) रेकॉर्ड करायला कुचकामी.

एकाच ओळीचे तीन-चार टेक घेऊन त्यांतून एक सलग ओळ कशी जुळवायची, आणि ते कशात सोपे जाते, हे पुढच्या भागात दाखवावे. माइकची आणखी एक यादी नको.

– एक वाचक