बघणार कोण, हे विचारणाऱ्या सुतारमामांना

आदरणीय सुतारमामा,

सादर नमस्कार. हे पत्र तुमच्या सूनबाई तुम्हाला वाचून दाखवतील, आणि चार लोकांनाही कळावं म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. दुर्बिणीची लाकडी बैठक करून दिलीत म्हणून वडगावच्या दुकानात मी आभार मानायला गेले तर तुम्ही "पोरीला आधी बघू दे, मग बोला" म्हणून आम्हाला वाटेला लावलंत. परवा रात्री येळ्ळूरच्या राजहंसगडाखाली पोरीनं बघितलं. गुरू आणि त्याच्या शेजारी एका ओळीत चार चंद्र. घरी आल्यावर मला रडू आवरेना, म्हणून आता बोलते.

तुमच्या दारात येण्याआधी मी आठ महिने हिंडत होते. दुर्बीण लहानशीच, १३० मिलिमीटरच्या आरशाची. आरसा चांगला, पण सोबत आलेल्या तिपाईवर फोकसला हात लागला की तारा थरथरत राहायचा. विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं, "टेबलावर ठेवून बघा." मग एका वेल्डिंगवाल्यानं ॲडव्हान्स घेतला आणि तीन महिन्यांनी गेटच्या पाइपांचं एक धूड हातात दिलं. बोट लागलं तरी घणघणायचं. तक्रार करायला गेले तर पोरीच्या देखत म्हणाला, "मुलीच्या जातीला हे कशाला पायजे?" पैसे गेले ते गेले. ते वाक्य मात्र अजून मनातून जात नाही.

कुणी म्हणालं, ताऱ्यामागं फिरणारं विषुववृत्तीय स्टँड घ्या. पण आपल्या बेळगावात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर. तसल्या स्टँडचा आस ध्रुवाकडं वळवायचा म्हटलं की तो जवळजवळ आडवा होतो आणि तोलाचं वजन पायांना अडकायला बघतं. म्हणून शेवटी डॉब्सन पद्धतीची, म्हणजे नळी हातानं वर-खाली आणि गोल फिरवता येईल अशी साधी लाकडी बैठक करायची ठरवलं.

ज्याच्या नावानं ही बैठक ओळखतात त्या जॉन डॉब्सनची गोष्ट मी तुम्हाला सांगितली ते आठवतं? अमेरिकेतल्या वेदान्त मठात १९४४ ते १९६७ अशी २३ वर्षं राहिलेला माणूस, भंगारातल्या काचा घासून आरसे करायचा आणि रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचा. मठ रामकृष्णांच्या परंपरेतला म्हटल्यावर तुमचा रंधा थांबला. "म्हंजे आपल्या किल्ल्यातल्या आश्रमातलाच की!" म्हणालात. त्या क्षणापासून तो तुमचाच माणूस झाला आणि काम तुमच्या घरचं.

पण मला सांगायचंय ते त्याच्याही आधीचं. मी कागदावरची आकृती पुढं केली, ती तुम्ही हातात घेतली पण बघितली नाही. विचारलंत, "बघणार कोण?"

मी लेकीकडं बोट दाखवलं. तुम्ही पंच्याला हात पुसलेत, तिला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलंत. "ताठ हुबी ऱ्हा, बाळ. टाचा वर नकोत." कानामागची पेन्सिल काढून तिच्या डोळ्यांच्या रेषेत चौकटीवर बारीक रेघ मारलीत. असल्या दुर्बिणीत डोळा नळीच्या वरच्या टोकाला, कडेनं लावायचा असतो. नळी उभी केली की ती जागा वर जाते, कलती केली की खाली येते. तुम्ही नळी उभी आणि कलती, दोन्ही तऱ्हांनी धरून बघितलीत, तिला दोन्ही वेळा डोळा लावायला लावलात, आणि मगच बैठकीखालच्या तिवईची उंची धरलीत. आठ महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खरं सांगते, मलाही सुचला नव्हता.

बाकी काम तुम्ही केलंत तसं कोण करेल? १८ मिलिमीटरचं प्लायवूड, दाणेदार सनमायका, त्यावर टेफ्लॉनचे तीन तुकडे. हलवायला जेवढा जोर, तेवढाच सरकत ठेवायला, म्हणून मध्ये कुठं झटकाच नाही. १३० पट मोठं करून बघताना गुरू दीड मिनिटात नजरेतून निसटतो. परवा पोर एका बोटानं नळी ढकलत त्याच्यामागं जात होती, आणि तो एकदाही थरथरला नाही.

तुमच्या घरी कानडी, आमच्या घरी मराठी. तुम्ही माझ्याशी मोडक्या मराठीत बोललात, पोरीशी मात्र तिला शाळेत येतं म्हणून हळूहळू कानडीत, आणि तिला तिचं उत्तर पूर्ण करू दिलंत. मजुरी सांगितलीत तेवढीच घेतलीत. माणसं अशी असतात म्हणूनच या भागात आमचं आयुष्य सुखाचं जातं, बातम्यांत काहीही येवो.

आणि तिवईच्या दुहेरी पायांत बोल्टसाठी एकेक इंचावर तीन भोकं दिसली तेव्हा मी विचारलं होतं, एक पुरे ना? "वाढती पोर हाय," एवढंच म्हणालात. सध्या बोल्ट सगळ्यात खालच्या भोकात आहे.

मामा, एकच विनंती. दुकानाला रंग द्याल तेव्हा चौकटीवरची ती रेघ तेवढी राहू द्या. दर दिवाळीला तिथं टाचा न उचलता उभं राहायचं, असं तिनं ठरवलंय.

तुमची,
दुर्बीणवाल्या पोरीची आई